डॉक्टर आणि सिस्टर क्लिनिकल फार्मासिस्टकडे कसं बघतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे वॉर्डातल्या रुग्णांची औषधं तपासून सूचना देणारा फार्मासिस्ट, म्हणून रुग्णालयात रुजू होऊन काही महिने झाले. तुम्ही फाइली तपासता, सूचना लिहिता. पण डॉक्टरांना तुम्ही चुका शोधायला नेमलेला माणूस वाटता, आणि सिस्टर भेटल्या की "अमुक इंजेक्शन अजून वर का आलं नाही?" एवढंच विचारतात. ही मंडळी आपल्याला नेमकं काय समजतात आणि हे कधी बदलतं का, असं तुम्ही विचारलंय.

बदलतं. पण आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. डॉक्टरांचं मत आणि सिस्टरांचं मत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांच्या मनात असतं, "उद्या काही झालं तर उत्तर मला द्यायचंय. या माणसाच्या शब्दावर मी किती विसंबू?" सिस्टरांच्या मनात असतं, "हा जे सांगून जाईल ते करायचं मला आहे. हा अर्धवट सांगून निघून तर जाणार नाही ना?" तुमची पदवी काय, हा प्रश्न दोघांच्याही मनात फारसा नसतो. तुमच्या सूचनेतून जे काम निर्माण होतं ते कुणाच्या गळ्यात पडतं, यावर दोघांचं मत ठरतं. सूचना लिहून फार्मासिस्ट खाली फार्मसीत निघून गेला आणि फोन, फेरफार, नातेवाइकांना समजावणं हे सगळं वॉर्डातल्यांनी निस्तरलं, तर सूचना कितीही बरोबर असली तरी पुढच्या वेळी तुमच्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही.

डॉक्टरांपासून सुरुवात करू. निरनिराळ्या देशांत डॉक्टरांना याबद्दल विचारलं गेलंय आणि उत्तरांचा सूर बराचसा सारखा आहे. औषधाची माहिती द्या, इंटरॅक्शन (दोन औषधांचा एकमेकांवर होणारा परिणाम) दाखवा, रुग्णाला औषध कसं घ्यायचं ते समजवा, इथपर्यंत स्वागत असतं. डोस बदला, औषध बंद करा, दुसरं सुरू करा, असं म्हणू लागलात की चेहरा बदलतो. आणि ज्यांनी वॉर्डात फार्मासिस्टबरोबर प्रत्यक्ष काम केलंय त्यांचं मत न केलेल्यांपेक्षा बरंच चांगलं असतं. म्हणजे तुमच्याबद्दलचा संशय पुष्कळदा तुमच्याबद्दलचा नसतोच, अनोळखी माणसाबद्दलचा असतो.

1999 साली अमेरिकेत बोस्टनच्या एका अतिदक्षता विभागातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे एक अनुभवी फार्मासिस्ट रोज सकाळच्या राउंडला डॉक्टरांबरोबर उभा राहिला आणि नंतरही विभागात हाताशी राहिला. औषध लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे रुग्णाला होणारी, टाळता येण्याजोगी हानी दर 1000 रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस भरती, म्हणजे एक रुग्णदिवस) 10.4 वरून 3.5 वर आली. आपल्या क्षेत्रात हा आकडा सगळे सांगतात. मला त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: औषधांच्या ऑर्डरविषयी केलेल्या 366 सूचनांपैकी 362 डॉक्टरांनी मान्य केल्या. तिथले डॉक्टर काही विशेष नम्र होते असं मी धरत नाही. माझ्या मते सूचना वेळेवर आल्या, हे मुख्य कारण. ऑर्डर अजून तोंडात असताना "क्रिॲटिनिन वाढलंय, दिवसातून एकदाच देऊया का?" (म्हणजे किडनी मंदावलीय, औषध कमी करूया का) म्हटलं तर ती चर्चा असते. तीच गोष्ट ऑर्डर लिहून, सही होऊन, पहिला डोस गेल्यावर चार तासांनी फाइलमध्ये लिहिली की ती दुरुस्ती होते, आणि दुरुस्ती कुणालाच आवडत नाही. तुम्ही फाइली दुपारी तपासत असाल तर तुमचं अर्धं दुखणं तिथेच आहे.

आता सूचना कशी असावी ते एका उदाहरणावरून बघा. फिट येणारा रुग्ण आहे, व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधावर स्थिर आहे. लघवीत चिवट जंतू निघाला म्हणून रात्री मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू झालं. सकाळी तुमच्या लक्षात येतं. एक फार्मासिस्ट फोन करतो: "डॉक्टर, मेरोपेनेम आणि व्हॅल्प्रोएटचं इंटरॅक्शन आहे, कृपया नोंद घ्यावी." डॉक्टर म्हणतात, "बरं." फोन संपला. त्यांच्या हाती काय आलं? एक काळजी, आणि फोन केल्याचा पुरावा तुमच्याकडे! उद्या फिट आली तर "मी कळवलं होतं" म्हणायला तुम्ही मोकळे. डॉक्टरांना हे बरोबर कळतं, आणि "हे लोक स्वतःला वाचवायला फोन करतात" हे मत अशाच फोनांनी तयार होतं.

दुसरा फार्मासिस्ट आधी वर जाऊन रुग्ण बघतो, कल्चरचा (जंतूवर कोणतं औषध चालतं त्या तपासणीचा) रिपोर्ट काढतो आणि मग बोलतो: "मेरोपेनेममुळे व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांतच निम्म्याखाली येते, कधी जवळपास दिसेनाशी होते. डोस वाढवून ती भरून निघत नाही. कल्चरमध्ये मेरोपेनेमच्या कार्बापेनेम गटाबाहेरचं एक औषध चालतंय असं दिसतं, रुग्ण स्थिर आहे, ते बघता येईल. मेरोपेनेमच हवं असेल तर तोवर फिटचं दुसरं औषध, लेव्हेटिरॅसिटॅम, जोडूया, किडनीच्या हिशेबाने डोस काढून ठेवलाय. आणि मेरोपेनेम थांबल्यावरही व्हॅल्प्रोएट पूर्ववत व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे लेव्हेटिरॅसिटॅम त्याच दिवशी बंद करायचं नाही. डिस्चार्जच्या कागदावर तशी ओळ घालतो." यावर मी आजवर एकच प्रकारचं उत्तर ऐकलंय: "लिही, मी सही करतो." इंटरॅक्शनचं नाव तर मोबाईलही सांगतो. इथे पर्याय आहे, डोस आहे, पुढचे दोन आठवडे आहेत, आणि सांगणारा ते पार पडेपर्यंत लक्ष ठेवणार आहे.

मोबाईलवरून आठवलं. संगणकावर ऑर्डर लिहिताना धोक्याचे जे इशारे येतात ते डॉक्टर किती वेळा ओलांडून पुढे जातात याचा 2006 साली एक आढावा झाला होता. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण 49 ते 96 टक्के निघालं. डॉक्टर बेफिकीर आहेत म्हणून असं होतं का? नाही. दहातले नऊ इशारे त्या रुग्णाला लागूच नसतील तर दहावाही न वाचता पुढे जातो. तुम्ही दिसेल ते सगळं फाइलमध्ये लिहीत असाल, तर डॉक्टरांच्या लेखी तुम्हीही तसाच एक इशारा आहात. काय आत्ता फोन करून सांगायचं, काय उद्याच्या राउंडला, काय रेसिडेंटला (वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला) जाता जाता, आणि काय मुळीच बोलायचं नाही, ही निवड करता येणं हेच खरं क्लिनिकल काम आहे. रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रेनालिन चढत्या डोसवर चालू असलेल्या, म्हणजे अत्यवस्थ रुग्णाच्या व्हिटॅमिन डीच्या डोसबद्दल सकाळी नऊला बोलू नये. आठवड्याने बोला, बिघडत नाही.

डॉक्टरांची एक तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे: "फार्मासिस्ट फाइल बघतो, रुग्ण बघत नाही." संसर्गामुळे शॉकमध्ये आलेल्या रुग्णाचं क्रिॲटिनिन पहिल्या दिवशी वाढलेलं असतं. तुम्ही सूत्रात आकडा घालता आणि लिहिता, अँटिबायोटिकचा डोस निम्मा करा. पण सलाईन आणि रक्तदाब वाढवणारी औषधं मिळाल्यावर अशा बऱ्याच रुग्णांची किडनी 48 तासांत सावरू लागते, आणि पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिनसारख्या औषधांत वरच्या बाजूला पुष्कळ जागा असते, म्हणजे डोस थोडा जास्त झाला तरी सहसा बिघडत नाही. पहिल्याच दिवशी डोस कापला तर ज्या दिवशी औषध सगळ्यात जास्त हवं त्याच दिवशी ते कमी पडतं. अशा वेळी कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) चिडले तर ते चुकत नाहीत. तीच सूचना ॲमिकासिनसारख्या किडनीलाच इजा करू शकणाऱ्या अँटिबायोटिकबद्दल असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे पुढचा डोस देण्याआधी थांबून विचार करावाच लागतो. कॅथेटरच्या पिशवीत लघवी किती जमलीय हे वाकून बघणारा फार्मासिस्ट डॉक्टरांच्या नजरेत लगेच वेगळा ठरतो.

सगळे डॉक्टर सारखे नसतात हेही आहे. रेसिडेंट सगळ्यात आधी जवळ येतात, कारण रात्री दोन वाजता डोस कुणाला विचारायचा हा त्यांचा प्रश्न असतो. आणि सगळ्यात आधी दुखावतातही तेच. राउंडमध्ये कन्सल्टंटसमोर त्यांच्या ऑर्डरवर बोट ठेवलंत तर पुढचे सहा महिने विसरा. राउंडच्या अर्धा तास आधी गाठा, ऑर्डर त्यांनाच बदलू द्या, श्रेय त्यांनाच जाऊ द्या. कन्सल्टंट परीक्षा घेतात. ज्याचं उत्तर त्यांना माहीत आहे असाच प्रश्न ते मुद्दाम विचारतील. माहीत नसेल तर "बघून सांगते" म्हणा आणि राउंड संपायच्या आत खरोखर बघून सांगा. ठोकून दिलेलं एक उत्तर पकडलं गेलं की पुढची बरोबर उत्तरंही तपासली जातात. सर्जनना एका वाक्यात सांगा. भूलतज्ज्ञांना फार्माकॉलॉजी शिकवायला जाऊ नका, ती त्यांना येते. त्यांना हवं असतं ते एखादं औषध बाजारातून गायब झाल्यावर त्याऐवजी काय आणि कोणत्या प्रमाणात, याचं उत्तर.

औषध लिहिण्याच्या अधिकाराबद्दलही लोक विचारतात. ब्रिटनमध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टना 2006 पासून स्वतंत्रपणे औषध लिहिता येतं. डॉक्टरांची हरकत आपल्या ज्ञानाला कमीच असते. निदान कुणाचं आणि जबाबदारी कुणाची, यावर त्यांचं अडतं, आणि ती हरकत रास्त आहे. तुमच्या आजच्या अडचणीशी याचा फार संबंध नाही, म्हणून इथेच सोडते.

आता सिस्टर. आपले लोक डॉक्टरांना पटवण्यात इतके गुंततात की सिस्टरांकडे बघतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथे होते. औषध लिहितो डॉक्टर, पण देते सिस्टर. तिचे प्रश्न पुस्तकातले नसतात. ही गोळी कुटून पोटात अन्न (फीड) सोडायच्या नळीतून देऊ का? एका लाइनमधून ही दोन सोबत चालतील का? किती वेळात द्यायचं? कशात मिसळायचं? अमिओडॅरोन पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, फेनिटॉइन मात्र नॉर्मल सलाईनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये घातलं तर स्फटिक बनतात. सेफ्ट्रायॅक्सोन रिंगर लॅक्टेटच्या चालू लाइनमध्ये सोडायचं नाही, कॅल्शियमबरोबर साका बनतो. व्हॅन्कोमायसिन एक ग्रॅम असेल तर निदान शंभर मिनिटं तरी लावायचं. घाईत गेलं की चेहरा-मान लालबुंद होते, खाज सुटते, आणि कुणीतरी फाइलवर लाल शाईने "व्हॅन्कोमायसिनची ॲलर्जी" लिहून टाकतं. ती ॲलर्जी बहुतेक वेळा नसतेच, वेग जास्त झालेला असतो. पण तो शिक्का रुग्णाच्या आयुष्यभर मागे लागतो आणि पुढे गरज असताना औषध नाकारलं जातं. निफेडिपिनची दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी कुटून दिली की सगळा डोस एकदम जातो आणि रक्तदाब कोसळतो.

या प्रश्नांची उत्तरं सिस्टरला त्या क्षणी हवी असतात. हातात सिरिंज आहे, दुसऱ्या बेडची बेल वाजतेय. अशा वेळी जो फार्मासिस्ट फोन उचलतो आणि "डेक्स्ट्रोज, मधल्या ल्युमेनमधून, आधी फ्लश करा" (म्हणजे लाइनच्या मधल्या वाटेतून, ती आधी धुऊन) एवढं नेमकं सांगतो, तो तिचा माणूस होतो. औषध कशात मिसळायचं आणि किती वेळात द्यायचं याचा एकच कागद ड्रग ट्रॉलीवर चिकटवून बघा. कितीतरी व्याख्यानांपेक्षा तो जास्त वापरला जातो, कडा फाटेपर्यंत.

पण सिस्टरांना आपल्याबद्दल राग का येतो तेही ऐका. फेनिटॉइन नळीतून जाताना फीडमुळे नीट शोषलं जात नाही, हे खरं. म्हणून फार्मासिस्ट लिहितो: "प्रत्येक डोसच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास फीड बंद ठेवावं." डोस दिवसातून तीन वेळा. हिशेब करा, बारा तास फीड बंद. आहारतज्ज्ञ उष्मांक विचारणार, पंप बंद-चालू करायला सिस्टरने दिवसातून सहा वेळा त्या बेडपाशी जायचं, साखर खाली आली तर तीही तिनेच बघायची, आणि लिहिणारा घरी. हे लिहिण्याआधी फार्मासिस्टने डॉक्टरांशी बोलायला हवं होतं: दोनच वेळा देऊन भागेल का, काही दिवस शिरेतून चालेल का, की फीड न थांबवता पातळी बघत डोस ठरवायचा? शास्त्र तेच, पण आता ते पाळता येतं. रक्तातली पातळी बघायला नमुना पुढच्या डोसच्या आधी घ्या असं लिहिताना, ती वेळ पहाटेच्या गडबडीत किंवा ड्युटी बदलताना येतेय का हे बघितलंत तरी सिस्टर तुम्हाला दुवा देतील.

औषधांची फेरी चालू असताना तिला अडवू नका. 2010 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन रुग्णालयांतल्या नर्सचं औषध देतानाचं काम बघितलं गेलं. दर व्यत्ययामागे चुकांचं प्रमाण सुमारे 12 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. "सिस्टर, एक मिनिट" म्हणत ट्रॉलीपाशी उभा राहणारा फार्मासिस्ट स्वतःच चुकीचं कारण होऊ शकतो. फेरी संपल्यावर बोला.

आणि दोषाचा विषय. औषधाची चूक उघड होते तेव्हा शेवटचा हात सिस्टरचा असतो, म्हणून मेमो तिला मिळतो. ती चूक बहुधा लांबून चालत आलेली असते: अक्षर न लागणारी ऑर्डर, सारखी दिसणारी ॲम्प्यूल, आमच्याकडूनच चुकीच्या खणात गेलेला बॉक्स. घटनेच्या नोंदीत तुम्ही तिचं नाव लिहून मोकळे झालात तर त्या वॉर्डात तुम्हाला खरं काही पुन्हा ऐकायला मिळणार नाही. "या दोन ॲम्प्यूल सारख्या दिसतात, एकीची जागा आजच बदलू" म्हणालात तर पुढची हुकता हुकता वाचलेली चूक ती आपणहून सांगायला येईल. तीव्र पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्यूल साध्या वॉर्डांच्या कपाटातून काढून टाकणं हा असाच उपाय. "सिस्टर, नीट बघून द्या" असं सांगून जे थांबत नाही, ते त्याने थांबतं.

"इंजेक्शन अजून वर का आलं नाही?" या प्रश्नाने अपमान वाटून घेऊ नका. तिच्या लेखी फार्मसी एकच असते. "ते माझं काम नाही" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की संपलं. खाली फोन लावा, कुठे अडकलंय ते काढा, तिला वेळ सांगा. मात्र रोज तेच होत असेल तर निरोप्या होऊ नका. उशीर कुठे होतो ते शोधून तो कायमचा सोडवा. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात मिळू लागला की डॉक्टरही विचारतात, हे कुणी केलं?

व्यवस्थापनाला दरमहा अहवाल द्यावा लागत असेल तर एक सांभाळा. "या महिन्यात अमुक चुका पकडल्या" असा तक्ता डॉक्टरांच्या बैठकीत पडद्यावर लावू नका. मी असे तक्ते बघितलेत आणि त्यानंतर राउंडमधली शांतताही बघितलीय. कोणत्या औषधात वारंवार अडचण येते आणि त्यावर काय बदल केला, तेवढं दाखवा.

एवढं सगळं सांभाळून घेतल्यावर, जिथे अडायचं तिथे अडायचंच. संधिवाताच्या रुग्णाची आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट भरती करताना "रोज" अशी लिहिली जाते. ही चूक जगभर होते आणि तिने माणसं दगावतात. तिथे वेळ बघायची नाही, कुणाला वाईट वाटेल तेही बघायचं नाही. औषध द्यायचं थांबवायचं, सिस्टरला "माझ्या नावाने थांबवा" म्हणून सांगायचं, रेसिडेंटने ऐकलं नाही तर कन्सल्टंटना फोन, त्यांनी उचलला नाही तर त्यांच्या वरच्यांना. एरवी कमी बोलणारी व्यक्ती अशी उभी राहिली की त्याचं वजन पडतं. छोट्या छोट्या गोष्टींवर रोज तोंड उघडलेलं असेल तर याही वेळी "आली पुन्हा" असंच होतं.

किती दिवस लागतील, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एकच वॉर्ड धरा. सगळ्या रुग्णालयात थोडं थोडं फिरलात तर कुठेच ओळख होत नाही. क्लिनिकल फार्मसीची सुरुवात म्हणून 1966 सालच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्या प्रयोगाचं नाव घेतात, त्यातही फार्मासिस्ट आधी सर्जरीच्या मजल्यावर जाऊन बसले होते. रेसिडेंट दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे डॉक्टरांच्या बाजूला तुमची ओळख पुन्हा पुन्हा शून्यावर येते आणि त्याचा वैताग येतो. सिस्टर मात्र त्याच वॉर्डात वर्षानुवर्षं असतात. म्हणून मी सुरुवात तिथून करायला सांगते. नवा रेसिडेंट पहिल्या रात्री कोलिस्टिनचा डोस मिलिग्रॅममध्ये लिहायचा की युनिटमध्ये यावर अडतो, तेव्हा "आमच्या फार्मासिस्टला फोन लावा, नंबर भिंतीवर आहे" हे त्याला कन्सल्टंट सांगत नाहीत, नाइट ड्युटीची सिस्टर सांगते. उद्या वॉर्डात गेलात की फाइल उघडण्याआधी तिला विचारा, कोणत्या औषधाने सध्या सगळ्यात जास्त डोकं खाल्लंय. तिथून काम धरा.